भाव करू नये म्हणतात

मराठी भाषेनं काही ठिकाणी कमालीची काटकसर केली आहे. देवाला लागतो तो भाव आणि वांग्याला लागतो तोही भाव. इंग्रजांनी या दोन कामांना दोन वेगळे शब्द ठेवले. आमच्या पूर्वजांनी एकातच भागवलं. आमच्या पोखर्णीला तर याची फारच सोय आहे. पोखर्णी म्हणजे परभणीहून गंगाखेडच्या रस्त्यानं अठरा-वीस किलोमीटर, नृसिंहाचं ठाणं. मंदिरात आत भाव, बाहेर नारळाच्या दुकानापाशी भाव. मध्ये फक्त चपला काढायच्या. आत 'देवा, तुझ्यापाशी भाव असू दे' म्हणणारा माणूस बाहेर येऊन 'मामा, भाव जरा जास्त होतोय' म्हणतो, आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगत वाटत नाही. नृसिंहालाही वाटत नसावं. अर्धा सिंह आणि अर्धा माणूस असलेल्या देवाला विसंगतीचं काय मोठं!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या फोनवर सकाळी सहाला येणारा सुविचार. पाठवणारे गृहस्थ रोज सहालाच उठून दुसऱ्यांना सुधारतात. सुविचार तुम्हीही वाचला असेल. मोठ्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्यानं देतो, मग रस्त्यावरच्या गरीब भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस का करतो? खाली रडणारं एक पिवळं तोंड. या न्यायानं आमच्या सौ. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पहिल्या पाच पातकी व्यक्तींत याव्यात. तिच्याबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केल्यावर आरोपीची बाजू मांडणं मला भागच आहे. शिवाय हा खटला मी दोन देशांत पाहिलेला आहे.

आधी गुन्हा कसा घडतो ते सांगतो. स्थळ, परभणीचा शनिवार बाजार. वेळ, सकाळची.

"कशी दिली वांगी मावशे?"

"घ्या की बाई. चाळीस लावलीत."

"चाळीस? देठ सोन्याचा आहे का?"

"देठच बघा ना. काटं कसं ताठ हायत. सकाळी तोडलीत."

"वीस."

"इसाला तर पाटीला हात बी लावू देणार न्हाई मी."

यावर सौ. उठते आणि चालू लागते. हे चालणं शास्त्रीय असतं. तीन पावलांवर हाक येत नाही, आणि पाचवं पाऊल टाकलं तर परत फिरण्यात अब्रू जाते. चौथ्या पावलाला मागून येतं, "ओ बाई, इकडं या. भवानी व्हायचीय माझी. पस्तीस द्या." मग सौ. परत येऊन बसते, म्हणजे नीट बसते. मावशीच्या सुनेचं बाळंतपण, जायकवाडीच्या कालव्याला पाणी कधी सुटणार, जावयाची दारू, हे सगळं होतं आणि तीस रुपयांवर तंटा मिटतो. वर मूठभर मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत पडतात. त्या मागाव्या लागत नाहीत. किंबहुना मागितल्या तर अपमान होतो.

आता नीतीचा प्रश्न असा, की मावशी चाळीस म्हणाली ती खोटं बोलली का? तीसला द्यायचं तिच्या मनात होतंच. आणि सौ. वीस म्हणाली ते? तिलाही तीसच द्यायचे होते. कायद्यानं बघायला गेलं तर दोघीही खोटं बोलल्या. पण मला वाटतं, ज्याच्यावर दोघांपैकी कुणीच विश्वास ठेवलेला नाही त्याला खोटं म्हणणं जड जातं. नाटकात नट मरतो तेव्हा कुणी पोलिसात जात नाही. 'या एकदा जेवायला' असं आपण रस्त्यात भेटलेल्या माणसाला म्हणतो, ते ऐकून तो गृहस्थ खरंच संध्याकाळी ताटावर येऊन बसला तर खोटारडा आपण की अडाणी तो?

असो. आता दुसरा देश. पूर्वी परदेशी जाऊन आलेल्या मराठी माणसाला प्रवासवर्णन लिहिल्याशिवाय घरात घेत नसत असं म्हणतात. माझा तसा विचार नव्हता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, आणि या म्हणीत लंडनला जागाच नाही. पण लेक-जावई तिथं राहतात म्हटल्यावर म्हण बाजूला ठेवावी लागते. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तीन महिने हाउन्स्लोला होतो. हाउन्स्लो हे लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या इतकं जवळ की वरून जाणाऱ्या विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. पहिल्या आठवड्यात राजवाडा बाहेरून पाहिला. राजा दिसला नाही. त्यालाही आम्ही दिसलो नसू. दुसऱ्या आठवड्यात सौ. म्हणाली, "अहो, इथं बाजार कुठं भरतो?" आणि तिथून पुढं माझं लंडन सुरू झालं.

परदेशातल्या बाजारात मराठी माणसाला पहिला रोग जडतो तो गुणाकाराचा. पाउंडाला शंभरानं गुणायचं आणि वर थोडं टाकायचं. भेंडी गुणली की आमटी बरी वाटते. आमटीसाठी डाळ गुणली की उपास बरा वाटतो. कढीपत्त्याला किंमत असते हे सौ.ला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं आणि त्या दिवशी ती बराच वेळ बोलली नाही. लेकीनं शेवटी घरात नियम केला, "बाबा, इथं गुणायचं नाही." नियम आम्ही पाळला. म्हणजे मनात गुणायला लागलो.

हॅमरस्मिथला गाडी बदलून शेफर्ड्स बुशच्या बाजारात गेलो तेव्हा मात्र सौ.च्या चेहऱ्यावर रक्त आलं. रेल्वेच्या उंच पुलाच्या कडेनं हा बाजार १९१४ पासून आहे. एका अंगाला कापडाचे ठाण, दुसऱ्या अंगाला मासळी, मध्ये रताळ्याचे थोरले भाऊ शोभतील असे आफ्रिकी कंद, आणि टोपीवाले, बुरखेवाले, छत्रीवाले, सगळे एकमेकांच्या पायावर पाय देत निघालेले. भाजीवाल्यांनी स्टीलच्या वाडग्यांतून माल मांडलेला. एका वाडग्यात चार ढब्बू मिरच्या, एकात आठ लिंबं, एकात टोमॅटो. वाडगं पाउंडाला, कुठं दीडला, कुठं दोनला. वजनकाटा नाही, बघायचं आणि उचलायचं. सौ. थबकली. "अहो, हे तर वाटे!" आणि खरंच ते वाटेच होते. आमच्याकडं बाया गोणपाटावर वांग्या-मिरच्यांचे ढीग लावून बसतात त्यांना स्टीलची वाटी घातली की झाला लंडनचा बाजार. काट्याच्या भानगडीत न पडण्यात शहाणपणही आहे. याच इंग्लंडात सन्डरलंडच्या एका केळीवाल्याचा काटा २००० साली जप्त झाला आणि पुढच्या वर्षी तो दोषी ठरला, का तर केळी किलोनं न विकता जुन्या पौंडाच्या मापानं विकली म्हणून. आमच्याकडं शेर गेला, पासरी गेली, पण वाटा कोणत्याच कायद्याला भ्याला नाही.

तिथंच उभ्या उभ्या फलाफल खाल्लं. हा आपल्या डाळवड्याचा अरबी आतेभाऊ. काबुली चणे भिजवून, वाटून तळायचे आणि तिळाच्या पातळ चटणीबरोबर भाकरीसारख्या रोटीत गुंडाळून द्यायचे. सौ.नं निकाल दिला, "मीठ बरोबर, मिरची विसरला." आणि त्या बळावर ती भाजीवाल्याकडं वळली. पाच वाडगी दाखवली, चार बोटं उभारली. दाढीवाल्या तरुणानं आधी बोटांकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं, मग कपाळाला हात लावला. सौ.चा चेहरा उजळला. "हा आपल्यातला आहे," ती मला म्हणाली. चौथ्या पावलाला हाक आली. कोणत्या भाषेत आली ते कळलं नाही, पण हाकच होती.

लेक मात्र लाजेनं कापडाच्या दुकानात शिरली होती. "आई, इथं असं करत नाहीत," ती नंतर म्हणाली. ते बरोबरच आहे. हाउन्स्लोतच मुंबईच्या दोन मित्रांनी २०१० साली वडापावचं दुकान काढलं. लंडनमध्ये मराठीतून भाव करता येईल अशी ती जागा. म्हणून आमच्याकडच्या वड्याची चौकशी करायला सौ. मोठ्या उमेदीनं गेली आणि "चार घेतले तर काय लावाल?" म्हणाली. पलीकडचा मुलगा अदबीनं म्हणाला, "काकू, किंमत मशीनमध्येच भरलेली असते हो." मशीनपुढं काय चालणार? तिथल्या मोठ्या दुकानांत तर माणूसच नाही. आपणच वस्तू यंत्राला दाखवायची, आपणच पिशवीत टाकायची, आणि यंत्र बाईच्या आवाजात म्हणतं, पिशवीत काहीतरी भलतंच आलंय. इतका संशय आमच्या मावशीनं उभ्या जन्मात घेतला नाही.

पण एकच भाव ही नुसती यंत्राची सोय नाही, त्यामागं चांगली माणसं आहेत हेही सांगायला हवं. सतराव्या शतकात इंग्लंडात क्वेकर नावाचा पंथ निघाला. त्याचा संस्थापक जॉर्ज फॉक्स. या मंडळींचं म्हणणं असं, की जी किंमत घ्यायची ती सोडून दुसरी सांगणं म्हणजे असत्य भाषण. म्हणून त्यांच्या दुकानांत पहिलाच शब्द शेवटचा. सुरुवातीला गिऱ्हाइकं बिचकली. घासाघीस नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांना वाटलं असेल. मग लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी ते फसत नाही. तेव्हापासून त्यांच्याकडं रीघ लागली. हे स्वतः फॉक्सनंच लिहून ठेवलंय. पुढं याच पंथाच्या घराण्यांनी इंग्लंडात चॉकलेटचे कारखाने काढले, कॅडबरी त्यांचेच. म्हणजे सत्य गोड असतं, निदान दुधात घातल्यावर. आमच्या पोखर्णी-परभणीचे दुकानदारही 'लहान लेकरू आलं तरी तोच भाव' म्हणतात, ते क्वेकर नसताना. त्यामुळं फॉक्ससाहेबांबद्दल मला आदरच आहे. आपल्याकडं १९९० पासून बंद पाकिटावर कमाल किंमत छापायची पद्धत आली आणि आपण लगेच 'छापील किमतीत कमी किती?' असं विचारायला लागलो, यावरून हा पंथ आपल्याकडं रुजणं कठीणच होतं हे कळेल.

एक गोष्ट फॉक्सनं बघितली की नाही कोण जाणे. ती मला लंडन ब्रिजजवळच्या बरो मार्केटात दिसली. बाजार जुना, आम्ही हजार वर्षांचे म्हणवतो. आता तिथं मुख्यतः खाणारे आणि खाणाऱ्यांचे फोटो काढणारे जमतात. चीजवाले चाखायला पातळ काप देतात, फुकट. सौ.नं एक काप घेतला. शेळीच्या दुधाचं चीज, वास बोकडाचा. तोंड न वाकडं करता तिनं तो गिळला, आणि मग पर्स उघडली. लेक म्हणाली, "आई, घ्यायलाच पाहिजे असं नाही. चाखायलाच ठेवलंय ते." पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दुकानातून नुसतं तोंड पुसून जायचं हे तिला जमेना. साडेपाच पाउंडांचा तुकडा घरी आला. कुणी खाल्ला नाही. तो विकणारा मनुष्य किती सज्जन! त्यानं आग्रह केला नाही, भाव वाढवला नाही, खोटं तर नाहीच बोलला. फक्त सौ.ची पावलं बांधली गेली. शनिवार बाजारात चौथ्या पावलापर्यंत जाणारी बाई बरो मार्केटात पहिलं पाऊलही उचलू शकली नाही.

आणि हे पाहताना मला माझ्या वडिलांची गाडी आठवली.

१९६८-६९ चं साल असेल. मी आठवीत. कापसाची गाडी घेऊन वडील परभणीच्या मोंढ्यात निघाले, मी वर बसलेला. पहाटे निघालेली गाडी ऊन चढता चढता पोचली. तिथं गाड्यांची रांग. आमचा नंबर येईतो दिवस कलला. बैल उपाशी, वडील उपाशी, मला त्यांनी भजी घेऊन दिली होती. अडत्या अतिशय मृदू बोलणारा. त्यानं चहा मागवला, 'पोरगा कितवीत आहे' विचारलं, कापसात हात घातला, ओलावा आहे म्हणाला, आणि एक आकडा सांगितला. एकच. वडील काही बोलायला लागले तर हसून म्हणाला, "पाटील, आपल्याकडं घासाघीस नसते. पटलं तर ओता, नाही तर गाडी तुमचीच आहे." शब्द अगदी क्वेकराला शोभणारा. वडिलांनी रांगेकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, मावळतीकडं पाहिलं. घरी सावकाराचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता हे मला माहीत होतं. अडत्यालाही माहीत असावं. कापूस ओतला. परतताना वडील रस्ताभर बैलांशीच बोलले.

याच वडिलांना मी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाहिलेलं आहे. तिथं बैलांचा मोठा बाजार भरतो. लाल कंधारी गोऱ्हा घ्यायचा, तर समोरच्यानं आणि दलालानं उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं धरून भाव करायचा. वर दोघंही यात्रेकडं बघतायत, चेहऱ्यावर माशी हलत नाही, आणि खाली कापडाच्या अंधारात पाच बोटं, तीन बोटं, झटका, पुन्हा तीन बोटं. वडील त्यात वाघ होते. कधी हात काढून घ्यायचे आणि दुसऱ्या दावणीकडं चालायला लागायचे. त्यांना बैल हवा होता, पण त्याच दिवशी नको होता. ही कापडाखालची बोटंही सगळीच पवित्र नव्हेत. शेतमालात तिच्या आड दलालांचंच फावत होतं, आणि म्हणून तर १९६३ च्या कायद्यानं बाजार समित्यांत उघड लिलाव आला. आमच्यासारख्यांच्या कापसासाठी १९७२ साली सरकारनं एकाधिकार खरेदी योजना काढली, म्हणजे पुन्हा एकच भाव, पण या वेळी आधी ठरलेला आणि सगळ्यांना सारखा. वडील पहिल्या वर्षी फार खूश होते. पुढं त्या योजनेचं काय झालं ते कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको.

तेव्हा सकाळी सहाच्या सुविचाराला माझा आक्षेप एवढाच, की तो भाव किती पडला ते बघतो, कुणाला उठून जाता येत होतं ते बघत नाही. शनिवार बाजारात सकाळी मावशीची पाटी भरलेली असते, गिऱ्हाइकं दहा येणार असतात, ती 'हात बी लावू देणार न्हाई' म्हणू शकते आणि म्हणते. तिच्याशी भाव न करता चाळीस रुपये टाकून, वर दयेची नजर टाकून निघालेल्या माणसाबद्दल तिचं मत काय असतं ते मी ऐकलेलं आहे; छापण्यासारखं नाही. तिला दुकानदार समजायचं की भिकारीण, हा प्रश्न त्या नजरेत असतो आणि तिला तो बरोबर कळतो. आता तीच मावशी संध्याकाळची निराळी. गावाकडची शेवटची गाडी लागलेली, पाटीत मेथीच्या सहा जुड्या माना टाकून पडलेल्या. त्या वेळी तीन रुपये कमी करून घेणं म्हणजे मोंढ्यातल्या अडत्याचं काम, मग चहा पाजा नाहीतर सुनेची चौकशी करा.

हे तत्त्वज्ञान माझं, असं मी कालपरवापर्यंत समजत होतो. सौ.शी बोलताना कळलं की ती लग्न झाल्यापासून दिवेलागणीनंतर बाजारात भाव करत नाही. पंचेचाळीस वर्षं पिशवी मी धरली आणि मला ते दिसलं नव्हतं. का करत नाहीस विचारलं तर म्हणाली, "मेथी उद्यापर्यंत टिकते का?" आणि कुकरची शिट्टी मोजायला गेली.

हा नियम लंडनमध्ये मात्र अडचणीत आला. तिथं उन्हाळ्यात रात्री नऊ वाजले तरी उजेड असतो. दिवेलागण होतच नाही, आणि बाजार तर सहाच्या सुमाराला आवरतो. भर उन्हात भाजीवाले आवराआवर करताहेत, हे दृश्य आमच्या शास्त्रात बसेना. सौ. दोन मिनिटं गोंधळली. मग म्हणाली, "दिवे कशाला बघायचे? कोथिंबीर बघायची." कोथिंबीर माना टाकून पडली होती. म्हणजे रात्र झाली.

तो दाढीवाला तरुण तिथंच होता आणि आता स्वतःच ओरडत होता, दोन वाडगी पाउंडाला, दोन वाडगी पाउंडाला. सौ.नं दोन वाडगी लिंबं उचलली आणि दोन पाउंड पुढं केले. त्यानं एक परत दिला. तिनं तो पुन्हा पुढं सरकवला. त्यानं पाटीवरचा आकडा दाखवला. तिनं मान हलवली आणि दोन बोटं उभारली. सकाळी पाचाचे चार करणारी हीच बाई आहे हे त्यानं ओळखलं असावं, कारण तो आधी घाबरला. कमी किमतीसाठी भांडणारं गिऱ्हाईक त्याला ठाऊक होतं, जास्त द्यायला भांडणारं नव्हतं. लेक यावेळी कापडाच्या दुकानात न जाता दुभाषाचं काम करायला उभी राहिली, पण 'आईला उलटा भाव करायचाय' हे इंग्रजीत कसं सांगतात ते तिला येईना. शेवटी त्यानं दोन पाउंड घेतले, कपाळाला हात लावला, आणि उरलेली सगळी लिंबं आमच्या पिशवीत ओतली. ती सौ.नं मुकाट्यानं घेतली. वरून टाकलेलं नाकारायचं नसतं.

चौतीस लिंबं निघाली. त्यांचं लोणचं घातलं. तिथल्या उन्हात ते काही लवकर मुरेना, तेवढ्यात आमची परतीची तारीख आली. बरणी लेकीकडंच आहे.